भोंग्याची गोष्ट

आईला जरा हसवावं म्हणून ताईने कॉमेडी शोची तिकिटं काढली, आणि पहिल्या अर्ध्या तासातच तिला वाटलं, उगाच आलो.

फर्निचरच्या दुकानावरचा लांबट हॉल, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, माइक मधूनच शिट्टी मारायचा. पहिल्याने बायकोवर विनोद केले, दुसऱ्याने सासूवर. हशापेक्षा खोकलेच जास्त.

"हा सुरू कधी करणार?" आईने विचारलं.

"संपलं त्याचं, आई."

ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. आई घरीच असायची. धाकटा भाऊ नोकरी शोधतो म्हणून परगावी गेला होता. काही महिने त्याचे फोन आले, मग बंद झाले. पोलीस म्हणाले, सज्ञान मुलगा आहे, आपल्या पायांनी गेलाय. त्याला वर्षं लोटली, पण दार वाजलं की आई अजून आधी केस सारखे करायची आणि मगच कडी काढायची.

तिसरा विनोदवीर उंच, किडकिडीत होता. "लहानपणी मी इतका मोठ्याने रडायचो," तो म्हणाला, "की घरी मला भोंगाच म्हणायचे."

आईने ताईचा हात धरला. धाकट्याला घरात दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलीच नव्हती.

"एकदा लपाछपी खेळताना दिवाणाच्या पेटीत शिरलो आणि गाढ झोपलो. जाग आली तर बाहेर गलका! अख्खी गल्ली रस्त्यावर, बाबांच्या हातात टॉर्च, आई रडून रडून बेजार. शेजारच्या काकांना विचारलं, काय झालं हो? त्यांनी न बघताच सांगितलं, पोरगं हरवलंय. मग काय, मीही लागलो शोधायला!"

हॉल पहिल्यांदाच खदखदून हसला. तो मनगटाने नाक घासून, मान तिरकी करून हशा ओसरायची वाट बघत थांबला. चेहरा परका होता; ते थांबणं धाकट्याचं होतं.

पण ती शोधाशोध कधी घडलीच नव्हती. त्या दिवशी मावशीला कळा सुरू झाल्या होत्या, घरात नुसती धावपळ. पोरगं दिसत नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. अंधार पडल्यावर तोच पेटीतून बाहेर आला आणि म्हणाला, "मला शोधलंत का?" सगळे हसले होते.

शो संपल्यावर आईने त्या मुलाला जिन्याशी गाठलं.

"भोंगा कुठे आहे?"

"काकू, ती माझीच गोष्ट आहे."

"माझ्या घरातली आहे ती."

त्याने ताईकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "आम्ही एका गोदामात पॅकिंगला होतो. जेवणाच्या सुट्टीत तो ही गोष्ट सांगायचा, आम्ही पोट धरून हसायचो. एके दिवशी कामावर आलाच नाही. खोलीवर गेलो तर कपडे दोरीवर तसेच वाळत होते."

"ते शोधणं, टॉर्च, माझं रडणं... हे तू घातलंस?"

"नाही हो. तो सांगायचा तसंच सांगितलं. टॉर्चपर्यंत आला की त्याचा आवाज बारीक व्हायचा."

आईने केस सारखे केले. मग म्हणाली, "हो. असंच झालं होतं."

दुसऱ्या दिवशी दोघी गोदामावर गेल्या. तिथे सगळी माणसं नवी होती. त्या मुलाने दिलेला धाकट्याचा नंबरही बंद लागला.

पुढच्या शनिवारी आई स्वतःच साडी बदलून शोला जायला तयार झाली. त्याच्या पुढच्याही. ती पहिल्या रांगेत बसायची, बाकीच्यांचे विनोद खाली मान घालून सोसायची आणि तो मुलगा आला की मान वर करायची. एका शनिवारी त्याने ती गोष्ट गाळली. नंतर खाली येऊन म्हणाला, "काकू, तुम्ही समोर असलात की मला ती सांगता येत नाही. कुणीतरी माझ्या तोंडून बोलतंय असं वाटतं."

"बरं," आई म्हणाली. "मग मी बाहेर उभी राहते. तू सांग."

आता ताई तिच्यासाठी बंद दाराबाहेर एक स्टूल ठेवते. आई दाराला कान लावून बसते. आत लोक हसायला लागले की डोळे मिटते, आणि गोष्ट संपल्यावर ताईने हात धरला तरी लगेच उठत नाही.