खिडकीसमोरचं सोवळं

इथे परदेशात, बुकित पंजांगमध्ये, आमच्या इमारतीजवळून जाताना एलआरटी रेल्वेच्या काचा आपोआप धुरकट होतात, प्रवाशांना लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. माझा नवरा सारंग युनिव्हर्सिटीत राजकीय विचार शिकवतो. घराच्या दाराशी राज्याची हद्द संपते, ही युरोपातली कल्पना समजावताना तो या काचांचं उदाहरण देतो. वर्गातल्या मुलांना फार आवडतं म्हणे. मला मात्र धास्ती समोरच्या इमारतीची. तिच्या काचा काही धुरकट होत नाहीत.

पुण्याहून आलेले माझे सासरे, पद्माकर, सोवळ्यात पूजा करतात. अंघोळ झाली की ओला पंचा गुंडाळून हॉलमध्ये येतात, दोरीवरचं सोवळं काठीने उतरवतात आणि खिडकीजवळच्या देव्हाऱ्यासमोर पंचा सोडतात. सोवळं नेसेपर्यंतचा क्षण वयोमानाने आता बराच लांबलाय. इथे स्वतःच्या घरात का होईना, पण बाहेरून दिसेल असं विवस्त्र राहणं गुन्हा आहे. त्यात आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवान्याचा, अर्ज सरकारदरबारी पडलेला. बेल वाजली तरी मी आधी दाराच्या भोकातून बघायचे.

मी पडले सून. सासऱ्यांना हे कोणत्या तोंडाने सांगणार? सारंगच्या मागे लागले, तर म्हणायचा, घर ही खासगी जागा आहे, तिथे बाबांना कायदा शिकवणारा मी कोण? वर्गातलं पांडित्य घरी आणायची खोडच आहे त्याला. खरं तर बाबांशी हे बोलायची त्याला लाज वाटत होती, दुसरं काय!

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात दोन पोलीस. समोरच्या इमारतीतून तक्रार आल्याचं त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितलं. आता सारंग दारातच व्याख्यान सुरू करतो की काय, म्हणून मी त्याची बाही धरली. उगाच धरली.

"सॉरी, ऑफिसर," तो इंग्रजीत म्हणाला, "वय झालंय त्यांचं. आता त्यांना काही समजत नाही."

यापुढे लक्ष ठेवा, एवढं बजावून पोलीस गेले. हायसं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. मग मागे वळले, तर बाबा सोवळं नेसून उभे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला समजत नाही, हे तू त्यांना सांगितलंस," ते सारंगला म्हणाले. "मला एकदा सांगून तरी पाहायचंस."