न रडण्याचे शनिवार

प्रांजल मॅडमनी टेबलावर टिश्यूचा डबा ठेवला आणि गुणमालानं तो उचलून खुर्चीखाली सरकवला. डबा समोर असला की हात तिकडं जायचा, आणि हात गेला की आता आलंच आहे काम म्हणून डोळे भरून यायचे.

"अहो गुणमालाताई, राहू द्या वर," मॅडम म्हणाल्या. "इथं रडायची लाज वाटून घ्यायची नाही."

"लाजेचं काही नाही मॅडम. मला रडूच नको आहे."

मॅडम समजूतदारपणे हसल्या. त्या दर शनिवारी साताऱ्याहून सांगलीला यायच्या आणि विश्रामबागेत सायकलीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये अतिसंवेदनशील महिलांना नेतृत्व शिकवायच्या. सहा शनिवार, दहा ते एक. भिंतीवर फलक होता : 'तुमचे अश्रू हीच तुमची ताकद.' असं असेल तर गुणमाला दोन जिल्ह्यांतली सर्वांत ताकदवान बाई होती.

वर्गात अकरा बायका. प्रत्येकीच्या हाताखाली काही ना काही होतं. कुणाच्या बँकेची शाखा, कुणाच्या अंगणवाड्या. गुणमालाच्या फॉर्मवर 'आपण कुणाचे नेतृत्व करता?' याच्यापुढं 'कुणाचंच नाही' असं होतं, आणि 'कोर्सकडून अपेक्षा' याच्यापुढं 'आईजवळ बसता यावं'. मॅडमनी ते वाचून समासात 'कौटुंबिक नेतृत्व' असा शेरा मारला होता.

गुणमाला इस्लामपूरच्या एका शाळेत कारकून होती. शाळा सोडल्याचे दाखले लिहिणं तिच्याकडं होतं, आणि मुलं शाळा सोडून जातात याचं तिला अठरा वर्षं नव्यानं वाईट वाटत होतं. एकदा दाखल्यावर थेंब पडला आणि एका मुलाचा जन्म तीन तारखेचा आठ तारखेला गेला. त्याच्या बापानं तक्रार केली नाही. नवी तारीख मुलाला लाभली म्हणे. विम्याचा एजंट 'तुमच्या पश्चात' म्हणाला तरी ती रडायची, आणि मग एजंटलाच पाणी द्यावं लागायचं. नवरा गेला तेव्हा ती रडली ते समजण्यासारखं होतं. पण तो गेल्यावर दूधवाल्यानं अर्धा लिटर कमी घालायला सुरुवात केली, तेव्हा ती त्याहून जास्त रडली.

हे सगळं चालून गेलं असतं. आक्कांच्या बाबतीत चालण्यासारखं नव्हतं.

आक्का म्हणजे तिची आई. वय चौऱ्याऐंशी. मिरजेच्या पलीकडच्या गावात, धाकटा भाऊ जिनदत्तकडं राहायच्या. दिवाळीनंतर त्यांनी महाराजांसमोर सल्लेखनेचं व्रत घेतलं. आधी धान्य सोडायचं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी, आणि मन शांत ठेवून देह ठेवायचा. जैनांच्या घरात ही शोकाची गोष्ट धरत नाहीत. गावोगावची माणसं दर्शनाला येतात, णमोकार मंत्र म्हणतात, हात जोडून जातात. पथ्य एकच : तिथं कुणी रडायचं नाही. रडणं कानावर पडलं की कष्टानं सोडवत आणलेली माया पुन्हा येऊन चिकटते.

गुणमाला पहिल्यांदा गेली तेव्हा तिला उंबऱ्यातच हुंदका फुटला. आठवडाभर घरातलं अवाक्षर न विचारलेल्या आक्का ताडकन उठून बसल्या.

"गुणी, जेवलीस का गं? कीर्ते, हिला भाकरी टाक बघू. आणि त्या वरच्या डब्यातली चटणी काढ."

झालं. कीर्तीवहिनीची भाकरी आली, चटणी आली, चटणीच्या मागून तीळ महागल्याची गोष्ट आली, आणि अख्खा संसार खोलीत परत येऊन मांडी घालून बसला. जिनदत्तनं बहिणीला हाताला धरून अंगणात आणलं.

"ताई, तू अशी रडलीस तर तिला धड मरता यायचं न्हाई."

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो गोठ्याकडं निघून गेला. म्हशीचं दावं सोडलं, परत बांधलं, आणि लांबूनच म्हणाला, "रडू थांबलं की ये. आपलीच आई हाय. पण थांबल्यावर ये."

म्हणून हा कोर्स. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत 'भावनांवर प्रभुत्व' एवढंच तिनं वाचलं होतं. पहिल्या शनिवारी तिच्या लक्षात आलं, की मॅडम भावना थांबवायला नाही, वाहू द्यायला शिकवतात. डोळे मिटून बालपणीचं घर आठवायला सांगतात. अकराच्या अकरा बायका मोकळ्या होऊन, फुलासारख्या हलक्या होऊन घरी जायच्या. गुणमाला मिरजेच्या उलट दिशेची एसटी पकडून इस्लामपूरला जायची.

तिच्या उपयोगाचं तिला दिलं ते भामाबाईंनी. भामाबाई वडूजकडच्या एका गावच्या सरपंच. घरची मेंढरं होती, अजूनही होती. ग्रामसभेत डोळ्यांत पाणी येतं म्हणून त्यांना कुणीतरी इथं पाठवलं होतं.

"आवं ताई, मला तर रडल्याचा फायदाच झाला," चहाच्या सुट्टीत त्या म्हणाल्या. "मी रडले तवा पाण्याच्या टाकीचा ठराव एकमतानं पास झाला. इरोधक बी रडलं."

"आणि थांबवायचं असलं तर?"

"मनात काम धरायचं. मी मेंढरू कातरती. एक संपलं की दुसरं घ्यायचं. कातर हातात असताना रडता येत न्हाई, जनावराला लागतंय."

गुणमालाला मेंढरू कातरता येत नव्हतं. तिनं तांदूळ निवडायला घेतले. मनातल्या मनात परात मांडीवर, खडा डावीकडं, किडा अलगद उजवीकडं. किडा मरू द्यायचा नाही, त्यामुळं लक्ष हलवून चालत नव्हतं.

मॅडमकडून तिनं एकच गोष्ट उचलली : आवाज. गळ्यातून काढायचा नाही, पोटातून काढायचा. सावकाश, खालच्या पट्टीत. तिनं त्याचा सराव शाळेत केला. "सर, या कागदावर सही राहिली आहे," असं ती पोटातून म्हणाली, तर मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले.

चौथ्या शनिवारी, ऐन वर्गात, जिनदत्तचा फोन आला. "आता नुसतं पाणी हाय ताई. दोन दिवस. फार तर तीन."

गुणमालानं फोन ठेवला आणि जे झालं ते वर्गाला सांगितलं. पोटातून, सावकाश. आवाज हलला नाही. मॅडम भारावल्या. म्हणाल्या, "बघा! याला म्हणतात परिवर्तन." बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई मरणार आहे या बातमीला टाळ्या पडलेल्या गुणमालानं पहिल्यांदाच ऐकल्या. भामाबाई तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी गुणमालाच्या खुर्चीखालचा टिश्यूचा डबा काढून स्वतःपुढं घेतला होता.

त्या दिवशी ती इस्लामपूरच्या एसटीकडं वळली नाही.

दारात जिनदत्त उभा होता. त्यानं तिचा चेहरा निरखून पाहिला, दूध नासलंय का बघावं तसा.

"आत गेल्यावर नाव सांगायचं न्हाई," तो म्हणाला. "कुणीच सांगत न्हाई. महाराज म्हणतात, नाव आलं की नातं आलं."

आक्का चटईवर होत्या, पांढऱ्या लुगड्यात, वाळल्या शेंगेएवढ्या. मोतीबिंदू त्यांनी काढूनच घेतला नव्हता. आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. गुणमाला उशाशी बसली, मनातली परात मांडीवर घेतली, आणि पोथीतला पाठ वाचायला लागली. खडा डावीकडं. किडा उजवीकडं. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी दर्शनाला गर्दी लोटली. कुणीतरी शिस्त लावायला हवी होती, आणि घरात न गडबडलेलं माणूस एकच होतं. "दोघादोघांनी आत या. चपला डावीकडं. खोकला येत असेल त्यांनी अंगणातूनच नमस्कार करा." माणसं मुकाट ऐकत होती. एका निवृत्त फौजदारानं चपला दोनदा सरळ केल्या. दुपारी मंदिराच्या ट्रस्टींनी तिला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, महिला मंडळाचं अध्यक्षपद रिकामं आहे, मनावर घ्याल का.

कीर्तीवहिनी कौतुकानं म्हणाली, "ताई, दगड झालात की वो तुमी."

चारच्या सुमाराला गर्दी ओसरली. जिनदत्त महाराजांना आणायला गेला, वहिनी मागं पाणी गाळत होती. खोलीत दोघीच. गुणमाला वाचत होती.

"दीदी," आक्का म्हणाल्या.

गुणमालानं मागं वळून पाहिलं. महाराजांच्या संघातल्या ब्रह्मचारिणी दीदी सकाळीच येऊन गेल्या होत्या. मागं कुणी नव्हतं.

"दीदी, तुमचा आवाज लय चांगला हाय. कुठं हलत न्हाई. कालपास्नं ऐकतीया."

गुणमालानं मान हलवली. मान हललेली आक्कांना दिसत नाही हे मग तिच्या ध्यानात आलं. "हं," ती म्हणाली.

"एक इचारू का? इचारू नये, कळतंय मला. महाराजांना सांगू नका."

"विचारा, आक्का."

"माझी एक लेक हाय, इस्लामपुरात. ती येऊन गेली का?"

परात कलली. तांदूळ सगळीकडं झाले. खडे कुठले, किडे कुठले, काही कळेना. ओठ दातांत धरून गुणमालानं ती पुन्हा सरळ केली. एक शब्द पुरे होता. कुठलाही, फक्त गळ्यातून काढलेला. आक्का उठून बसल्या असत्या, आणि महिनाभर सोडत आणलेलं सगळं पुन्हा त्यांच्या मांडीवर येऊन बसलं असतं.

"येऊन गेली," ती पोटातून म्हणाली. "तुमचा डोळा लागला होता."

"रडली?"

अंगणात कुणीतरी खोकलं, आणि आपण होऊन फाटकाबाहेर गेलं.

"नाही."

आक्कांनी मान हलवली, दुकानदारानं भलताच माल पुढ्यात टाकल्यावर हलवावी तशी.

"मग ती न्हवं," त्या म्हणाल्या. "दुसरी कुणीतरी असंल."

त्यांचा हात चटईवरून बोटभर पुढं आला. पोथीच्या कडेशी थांबला. मग जसा आला तसा सावकाश मागं जाऊन छातीवर बसला.

"वाचा, दीदी."

गुणमालानं पान उलटलं. अक्षरं दिसत नव्हती. पण हा पाठ आक्कांनीच तिच्याकडून घोकून घेतला होता, आठ वर्षांची असताना, चुकली की पहिल्यापासून. ती पहिल्यापासून म्हणत गेली. हनुवटीवरून पाणी पोथीवर पडत होतं आणि आवाज कुठं म्हणता कुठं हलला नाही.