शेपटीकडून निघालेले घोडे

दिवे लागले, बाजा वाजला, आणि मी आराखडा काढलेलं पहिलंवहिलं विजेचं पॅनल असं शहाण्यासारखं गुणगुणलं, की मी कुया बोयेतचा हात धरून नाचलेच. तेवढ्यात जत्रेतल्या घोड्यांच्या चक्रावरचा पांढरा घोडा माझ्यासमोरून गेला. शेपटी पुढे, तोंड मागे.

"निंग," बोयेत म्हणाला, "हा कुठं निघाला? काही विसरलाय का घरी?"

बोयेत आमच्या वर्कशॉपचा वायरमन, सगळ्यांचा कुया, म्हणजे थोरला भाऊ. मी कॉम्प्युटरवर आकृती काढायची, त्याने ती तारांनी जोडायची. सान पाब्लोची जत्रा संध्याकाळी सुरू होणार होती. आमचे इंजिनिअर सालोंगा सर सकाळीच म्हणाले होते, "आज पोरं घोड्यांवर बसली तर तू कायम. नाही बसली तर दुसरीकडे बघ."

"तूच तारा उलट्या जोडल्यास!" मी म्हणाले.

"मी? अगं, तू कागदावर काढशील ते मी जोडतो. उद्या मोटर झाडावर काढलीस तर शिडी घेऊन येईन."

मी लॅपटॉप उघडला. पान क्रमांक तीन. मोटरची आकृती दिव्यांच्या आकृतीवर चढत होती, म्हणून मी ती आरशातल्यासारखी फिरवली होती. अक्षरं शहाणी, ती सरळच राहिली. पण मोटरची तीन टोकं डावीची उजवीकडे गेली, आणि वरून येणाऱ्या तारा होत्या तिथेच. दोन फेज, म्हणजे विजेच्या तीनपैकी दोन तारा, अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते, हे मी परीक्षेत किती झोकात लिहिलं होतं!

"माझंच चुकलं, कुया. बंद कर, दोन तारा बदलू."

"बंद करायला लागशील तर बघ!" चक्राच्या मालकीणबाई आलिंग चोलेंग ओरडल्या. त्यांच्या हातात साखरेत तळलेल्या केळ्यांची काडी होती आणि त्यांच्यामागे कुंपणाला लटकलेली पोरं किंचाळत होती. "उलटं! उलटं! आम्हाला उलटं बसायचंय!"

"पण आलिंग, सरळ पण हवं ना?"

"दोन्ही हवं! आधी सरळ, शेवटची फेरी उलटी. संध्याकाळपर्यंत."

"गिअरला चालेल?" मी बोयेतला विचारलं.

"गिअरला काय, पुढे-मागे सारखंच. पोटाचं मात्र सांगता येत नाही."

मी तिथेच बाकावर बसले. आकृतीत दुसरा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच, काढला आणि त्याच्या दोन तारा अदलाबदल केल्या. एवढ्यात सालोंगा सर आले आणि खांद्यावरून वाकून बघू लागले.

"आणि चालवणाऱ्याने दोन्ही बटणं एकदम दाबली तर?"

"काहीच होणार नाही, सर. प्रत्येकाची तार दुसऱ्याच्या बंद संपर्कातून नेलीय. एक चालू असताना दुसऱ्याला वीजच मिळत नाही. शिवाय प्रत्येक फेरी टायमर थांबवतो, आणि घोडे पुरते थांबल्याशिवाय दिशा बदलू देत नाही, तो हा इथे."

"तो टायमर कुणी सांगितला?"

"कुणी नाही. पोरं पडतील ना."

बोयेतने कॉन्टॅक्टर बसवला, जोडला. आधी रिकामं चक्र सरळ फिरलं, थांबलं, मग उलटं. आलिंगनी पोरं सोडली. सरांनी चष्मा खिशात टाकला आणि पांढऱ्या घोड्यावर चक्क टांग मारली.

उलट्या फेरीत ते पाठमोरे माझ्याकडे येत होते, पांढरे केस पुढे उडत होते, आणि मान वळवून ते ओरडत होते, "सोमवारी आठला ये! आणि निंग, हे थांबतं कधी?"

"टायमरवर आहे, सर!" मी ओरडले, आणि हसून हसून मला बाकाचा आधार घ्यावा लागला.