तात्यांनी माझ्यावर काढलेली नक्षी

मी टायर बोलतोय. रेसचा, गुळगुळीत, मुद्दाम तसाच घडवलेला. आधीच सांगून ठेवतो, मला गोटा म्हणायचं नाही. डाळजला आल्यापासून तो शब्द ऐकून माझे कान किटलेत.

मला निवडायला ऋतिकनं अख्खा हिवाळा घालवला. वडिलांची, म्हणजे गोकुळची, जुनी टू-स्ट्रोक गाडी त्यानं रेससाठी तयार केली होती. रुंद टायर घ्यावा, तर एवढ्याशा इंजिनाचा जीव तो फिरवण्यातच जायचा. कडक घ्यावा, तर हलक्या गाडीखाली तो तापायचा नाही, आणि तापल्याशिवाय आम्ही रस्त्याला चिकटत नाही. शेवटी त्यानं अरुंद आणि मऊ असा मी निवडला, आणि पुढच्या चाकाला माझा भाऊ. मुलगी बघायलासुद्धा कुणी एवढी चौकशी करत नाही. काय तो माझा मान!

तो फाटकापर्यंत टिकला. ओट्यावर ऋतिकचे आजोबा, बिरदेवतात्या बसले होते. जन्म मेंढरांमागं गेला, आता वांगी-भेंडी करतात. त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला.

"आरं, ह्यो तर गोटा हाय! फसवलं रं तुला."

"तात्या, रेसचा टायर असाच असतो. जेवढं रबर रस्त्याला टेकंल, तेवढी पकड."

"मला शिकवतो व्हय? मेंढराच्या खुराला बी फट असती. देवानं उगंच दिली का?"

मला हसू आलं. पण तेवढ्यात गोकुळ लंगडत ओट्यावरून आत गेला आणि तात्यांची नजर त्याच्या पायामागं गेली. झिजून गोटा झालेल्या टायरवरच गोकुळ हायवेला घसरला होता. तेव्हापासून त्याचा एक पाय आखूड. ऋतिकला एकदा तरी रेस जिंकायची होती. तात्यांना नातू दोन्ही पायांवर घरी यायला हवा होता.

रेसच्या आदल्या दिवशी ऋतिक कॉलेजला गेला. तात्यांनी गाडी भाजीच्या टेम्पोत, वांग्याच्या क्रेटशेजारी चढवली आणि इंदापूरला नेली. तिथं हायवेला एक जण ट्रकच्या झिजलेल्या टायरांना तापल्या पात्यानं नव्या चरी पाडून देतो.

"चांगली खोल नक्षी काढ," तात्या म्हणाले. "नातवाची गाडी हाय."

पातं लागलं तसा मी किंचाळलो, माझ्यामागून भाऊही, पण टायरचं कोण ऐकतं? तात्या शेजारी उकिडवे बसून कौतुकानं बघत होते, जसं काही माझं बारसंच चाललंय.

सकाळी मला बघून ऋतिकनं माझ्या चरींत बोट घातलं. "तात्या, काय केलं तुमी ह्ये! पार वाट लावली माझी!" दुसरे टायर आणायला वेळ नव्हता. बारामतीच्या मैदानापर्यंत तो टेम्पोत तात्यांकडं पाठ करून बसला.

मैदान डांबरी, सुकं, तापलेलं. आज माझी अब्रू जाणार, हे मी ओळखलं. तेवढ्यात प्रमुख पाहुणे निघाल्याचा फोन आला. आता पाहुणे यायचे म्हणजे आपल्याकडं मैदानावर पाणी मारायचंच, मग ते कुस्त्यांचं असो की बैलगाड्यांचं. संयोजकांनी टँकर बोलावला आणि रेसच्या डांबरावर मनसोक्त सडा घातला. पाहुण्यांना घाई होती, म्हणून ओल्यातच झेंडा हलला.

पहिल्याच वळणावर माझे गुळगुळीत भाऊबंद गाड्यांसकट गवतात गेले. कुणाला फार लागलं नाही, एवढंच नशीब. चरींतून पाणी काढत आम्ही दोघं तेवढे उभे राहिलो. ऋतिक पहिला आला.

तात्यांनी कपाकडं बघितलंच नाही. आधी नातवाचा एक गुडघा दाबला, मग दुसरा. "समदं जाग्यावर हाय न्हवं?" मग छाती काढून म्हणाले, "बोललो हुतो का न्हाय? फट लागतीच!"

ऋतिकनं तोंड उघडलं. टँकरचं, रबराचं, सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण तात्यांचा हात अजून त्याच्या गुडघ्यावरच होता.

"व्हय तात्या," तो म्हणाला. "तुमचंच खरं."

आता तात्या गावचे टायरतज्ज्ञ आहेत. दसऱ्याला भरलेलं हळदीकुंकू माझ्या चरींतून अजून निघालेलं नाही. आणि ऋतिकनं नवे गुळगुळीत टायर आणलेत, ते बारामतीत मित्राच्या गॅरेजमध्ये लपवलेत. रेसच्या दिवशी तो माझ्यावर घरून निघतो, तिथं चाकं बदलतो, आणि परतताना पुन्हा मला चढवतो. रेस दुसरेच धावतात. फाटकात मात्र तात्या माझ्यावरून अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "नीट आणलंस रं पोराला."

तेव्हा कधी डाळजला आलात आणि ओट्यावर तात्या भेटले, तर पाऊसपाण्याचं बोला, वांग्याच्या भावाचं बोला. टायरचं तेवढं काही सांगू नका त्यांना. हवं तर मला गोटा म्हणा.