चहात मोठा वाटा कुणाचा

"तू पर्यावरण शिकतेस ना? मग सांग, चहाला काचेचा ग्लास बरा की कागदी कप?" तौफिकनं बहिणीला सहज विचारलं. गारखेड्यात त्याचं चहाचं हॉटेल होतं आणि गिऱ्हाइकं यावरून हुज्जत घालायची.

प्रश्न गजालाच्या डोक्यातून जाईना. वस्तू जन्मल्यापासून तिचा कचरा होईपर्यंत निसर्गाला काय सोसावं लागतं, हे मोजायला ती कॉलेजात शिकत होती. आता हॉटेलात बसून ती बघू लागली. कपाच्या आतला प्लास्टिकचा थर शेवटी कुठं जातो? ग्लास विसळायला टँकरचं पाणी किती लागतं? मग वाटलं, चहा तरी हिशेबातून का सोडायचा? पत्ती, साखर, गॅस, दूध, सगळंच धरलं.

उत्तर आलं तेव्हा ती चक्रावली. ग्लास थोडा सरस होता, पण ग्लास काय नि कप काय, निसर्गाच्या नुकसानीत दोन्हींचा वाटा किरकोळ. मोठा वाटा दुधाचा होता.

खात्री करायला ती तौफिकबरोबर दौलताबादला गेली. हॉटेलचं दूध तिथल्या नानासाहेबांच्या गोठ्यातून यायचं. पेंड कुठली, चारा कुठला, ती विचारत सुटली. म्हशीच्या ढेकरातून निघणारा वायू हवा तापवतो, हेही तिनं सांगितलं.

"ही? ही तर लई गरीब हाय," नानासाहेब म्हणाले. पण त्यांनाही राहवेना. रवंथ करणाऱ्या म्हशीच्या तोंडाशी कान नेऊन ते ऐकू लागले.

"मग काय, दूध बंद करू?" परतताना तौफिकनं चिडून विचारलं.

"नाही, भाईजान. पण उरलेला चहा रात्री कुठं जातो?"

पातेलं कधी रिकामं दिसत नाही, याचा तौफिकला अभिमान होता. उरलेलं सगळं मोरीत जायचं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं लहान पातेलं चढवलं. संध्याकाळी मागेल तसा ताजा चहा. गिऱ्हाइकांना थांबावं लागे, पण चव आवडली.

आठवड्यानं नानासाहेब आले. "पोरी, माझंच दूध कमी केलंस की."

गजाला ओशाळली. "उरलेल्याचं काय करता?"

"खवा. चांगला खपतो."

"तो आटवायला जळण कोणतं वापरता?"

नानासाहेब हसले. "ये की, बघायलाच ये."