ऊबबाबांच्या पाठीमागचा पडदा

ऊबबाबांनी डोळे मिटले आणि पहिल्या रांगेतले शिंपीकाका घोरायला लागले.

"समाधी! समाधी लागली!" गर्दीत कुजबुज झाली.

बंद दालनात चाळीस माणसं, मधे तीन धगधगत्या शेगड्या, दाराच्या फटीत कोंबलेली जुनी पांघरुणं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि आत अशी ऊब की लोकांनी स्वेटर काढून मांडीवर घेतले होते.

"ऊब ही लाजरी पाहुणी आहे, लेकरांनो," बाबा पाकात घोळलेल्या आवाजात म्हणाले. "फट दिसली की पळाली! म्हणून खिडक्या बंद, झरोके बंद, आणि माझा मंतरलेला कोळसा पेटवा. डोकं जड झालं? पाप वितळतंय! मळमळलं? जुनं कर्म बाहेर पडतंय! झोप आली? अहो, भाग्य उजळलं!"

टकळीच्या मनात आलं, या न्यायानं गेल्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हा मी संतच झाले होते म्हणायचं!

टकळी म्हणजे इस्त्रीवालीची धाकटी मुलगी, नववीतली. तोंड सुरू झालं की थांबत नाही, म्हणून हे नाव. आज मात्र ती गप्प होती. राग तिच्या दाताखाली खड्यासारखा करकरत होता.

कारण शेजारी आईबरोबर ताई बसली होती. सातवा महिना. बाळ तेजस्वी व्हावं म्हणून बाबांनी ताईला एकवीस दिवस शेगडी पेटवून बंद खोलीत राहायला सांगितलं होतं. आईनं लगोलग दारावरच्या झरोक्यात चिंध्या कोंबल्या. आज बारावा दिवस; खोलीबाहेर यायचं ते फक्त बाबांच्या दर्शनाला. ताई सकाळी भिंत धरून चालायची आणि मोरीत जाऊन ओकायची. त्याच खोलीत झोपणाऱ्या टकळीचंही डोकं उठल्याउठल्या ठणकायचं, आणि शाळेत दुसऱ्या तासापर्यंत आपोआप थांबायचं. रविवारी मात्र दिवसभर दुखायचं.

काल शाळेत विज्ञानाच्या बाईंनी टकळीकडून हे ऐकलं आणि हातातला खडू खाली ठेवला.

"घरात काय पेटवता गं?"

मग त्यांनी सांगितलं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. बंद खोलीत माणूस झोपतो तो कायमचा. आणि पोटातल्या बाळाला आईहूनही जास्त धोका.

टकळी धावत घरी आली, तर आई उखडलीच. "चार बुकं शिकलीस आणि बाबांना शहाणपण शिकवायला निघालीस? ते रोज तीन तास त्या बंद दालनात बसतात. त्यांना कधी चक्कर आली?"

हा प्रश्न टकळीच्या डोक्यात घुसला. खरंच, का येत नाही?

म्हणून आज ती बाबांवरच नजर रोखून बसली होती. शिंपीकाका एका अंगावर कलंडले. पोस्टमनच्या बायकोनं दोन्ही हातांनी डोकं दाबलं. बाबा मात्र नुकत्याच धुतलेल्या भाजीसारखे टवटवीत! आणि मग तिला दिसला त्यांच्या आसनामागचा जाड पडदा. हलकेच फुगला. बसला. पुन्हा फुगला.

बंद दालनात वारा कुठला?

"आई गं..." ताई पुटपुटली आणि टकळीच्या खांद्यावर कोसळली.

"समाधी!" बाबा गरजले. "आईला आणि बाळालाही! कुणी हात लावू नका!"

आईनं पुढे केलेला हात तिथंच थबकला. टकळी मात्र ताईला खाली निजवून तीरासारखी सुटली, आसनाला वळसा घालून तिनं पडदा खस्सकन ओढला. मागे खिडकी. चार बोटं उघडी. बाबांचं नाक बरोबर त्या फटीपाशी. गार वाऱ्याचा झोत सगळ्यांच्या तोंडावर आला.

"अगं पोरी, वारा माझा शिष्य आहे," बाबा सावरत म्हणाले. "मला भेटायला येतो."

"मग आमच्या ताईला का नाही भेटत? तिला झरोका बुजवायला सांगता आणि स्वतः खिडकीत बसता?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचा पाक आटला. "धूर दिसतो का? वास येतो का? मग विष कुठून येईल? मंतरलेला कोळसा आहे हा!"

लोक माना डोलवायला लागले. टकळीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती आईसमोर उभी राहिली.

"आई, एवढ्या थंडीत कुडकुडतेस, तरी टपरीचं दार सताड उघडं टाकून इस्त्री करतेस. का?"

"दार लावलं की चक्कर येते," आई सवयीनं म्हणाली. "कोळशाची इस्त्री आहे ना..."

ती मधेच थांबली. शेजारच्या पोत्यातला एक कोळसा तिनं उचलला, बोटांत फिरवला. "हा तर आमच्याच वखारीतला! मी रोज हाताळते!"

मग आईनं कुणालाच काही विचारलं नाही. तिनं लाथेनं पांघरुणं उडवली, दार उघडलं आणि ताईला कवेत घेऊन बाहेर नेलं. मागोमाग शिंपीकाकांना चौघांनी उचललं. बाबांनी खिडकीतून पळायचा बेत केला, पण पोट अडकलं. पोलीस येईपर्यंत ते अर्धे आत, अर्धे बाहेर असेच हवा खात होते.

दवाखान्यात ताईच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढला. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. धक् धक् धक्! आई जमिनीवर बसली आणि हुंदके देत रडली.

"आणखी थोडा उशीर झाला असता, तर..." डॉक्टरीणबाई रागानं म्हणाल्या. "आणि आता खिडकी किलकिली ठेवून शेगडी पेटवू नका हं! तो बाबा फटीला नाक लावून होता म्हणून वाचला. निखारे घरात नकोतच. जाड पडदे लावा, सगळे एका खोलीत झोपा, पांघरुणात गरम पाण्याची पिशवी घ्या. शेगडीऐवजी चूल किंवा भट्टी असेल, तर तिचा धूर नळीनं थेट बाहेर जायला हवा, आणि ती नळी दरवर्षी साफ करून घ्या. झरोका मात्र कधीच बुजवू नका."

घरी येताच आईनं स्टुलावर चढून झरोक्यातल्या चिंध्या उपसल्या. शेवटची चिंधी तिनं टकळीच्या हातात दिली. "बोलत जा गं तू," म्हणाली, "मी गप्प बस म्हटलं तरी."

तर वाचणाऱ्यांनो, ही टकळी हात जोडून नाही, हात कमरेवर ठेवून सांगते. रोज डोकं दुखत असेल आणि बाहेर गेल्यावर थांबत असेल, तर ते पाप नव्हे, विष आहे. आधी घराबाहेर पडा, मग डॉक्टर गाठा. आणि पुढच्या वेळी कुणी तुम्हाला दारं-खिडक्या बंद करायला सांगितलं, तर तो स्वतः कुठे बसलाय, ते आधी बघा.