सोळानंतरची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. इटलीतल्या नेपल्स गावात, स्टेशनमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर एक स्वस्त लॉज आहे, त्याच्या शेवटच्या खोलीची मी किल्ली. माझ्या गळ्यात पेरूएवढा पितळी गोळा आहे. तो दागिना नव्हे, लोढणं आहे. पाहुण्याने मला खिशात घालून गावभर हिंडवू नये, बाहेर पडताना काउंटरवर ठेवून जावं, म्हणून ते घातलेलं. त्या गोळ्याच्या एका अंगाला आकडा कोरला आहे आणि माझं सगळं भलंबुरं त्या आकड्यापायी झालं.

लॉजची मालकीण दोन्ना एर्सिलिया; दोन्ना म्हणजे बाईसाहेब. नवरा लवकर गेला, पदरात एकुलती मुलगी. तिचं नाव फोर्तुनाता, म्हणजे भाग्यवती. मुलगी मोठी झाली आणि रेल्वेतल्या एका गार्डाबरोबर लग्न करून उत्तरेला, तुरीनला निघाली. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. मुलगी बॅग घेऊन उंबऱ्यात उभी राहिली तेव्हा एर्सिलिया म्हणाली, "गेलीस तर गेलीस. या घरात आता तुझ्यासाठी जागा नाही." शब्द तोंडातून सुटला तो सुटलाच. मुलीने पत्र लिहिलं नाही, आईनेही लिहिलं नाही. दोघी एकाच मातीच्या.

मुलीची रिकामी खोली एर्सिलियाला बघवेना. म्हणून तिने ती भाड्याने द्यायचं ठरवलं आणि माझा जन्म झाला.

मला घडवलं स्तावरोसने. तो मूळचा ग्रीक खलाशी. आमच्या गावातली बायको केली आणि बंदरावर कुलपांचं दुकान थाटून बसला. लॉजमध्ये अकरा ते सोळा अशा खोल्या आधीच होत्या. एर्सिलियाने त्याला सांगितलं, "सोळानंतरचा आकडा घाल." त्याने घातला. मला घेऊन तो आला, तेव्हा तिने गोळा उलटा करून पाहिला आणि हात भाजल्यासारखं मला टाकून दिलं.

"हे काय?"

"सतरा," स्तावरोस म्हणाला.

"सोळानंतर काय येतं ते ठाऊक नाही तुला?"

"बाई, मी शाळेत गेलोय. सोळानंतर सतरा येतं."

"तुझ्या शाळेत येत असेल. या गावात सोळानंतर अठरा येतं. इतकी वर्षं इथं राहतोस, आणि सासूने एवढंही शिकवलं नाही?"

आमच्याकडे सतरा हा आकडा अपशकुनाचा. त्या तारखेला कुणी लग्न करत नाही की लांबच्या प्रवासाला निघत नाही. खालच्या गल्लीतला कॉफीवाला तातोन्नो नेमका तेव्हा ट्रे घेऊन वर आला होता. मला पाहिलं मात्र, त्याचा हात खिशात गेला आणि त्याने आतलं पोवळ्याचं शिंग घट्ट धरलं; अपशकुन टळावा म्हणून आमच्याकडे ते खिशात बाळगतात.

"गटारात टाका ही, दोन्ना एर्सिलिया. आणि वरून मूठभर मीठ टाका."

"पितळ चांगलं आहे," एर्सिलिया म्हणाली.

गटारात गेले नाही ते त्या पितळेच्या पुण्याईने. पण तिने मला शेवटच्या खुंटीवर टांगलं ते आकडा भिंतीकडे करून. वर्गात शिक्षा झालेल्या पोरीसारखी मी तिथे पाठमोरी लटकले. बाकीच्या किल्ल्या ऐटीत आपले आकडे दाखवत होत्या. इटलीतलेच पाहुणे आले की सतरा ऐकून एक पाऊल मागे सरत. "बायकोला नाही चालायचं," पुरुष म्हणत. बायका नवऱ्याचं नाव सांगत. मला फार वाईट वाटायचं. माझा गुन्हा काय होता?

मग एके दिवशी हॉलंडची एक मास्तरीणबाई जिना चढून आली. तिचं नाव हिल्डे. पायांत चालून झिजलेले बूट, पाठीवर पिशवी. तिने सगळ्यांत स्वस्त खोली मागितली. एर्सिलिया प्रामाणिक बाई, तिने आधीच सांगून टाकलं, "आहे, पण सतरा नंबरची आहे."

"मग?"

"सतरा."

"आमच्याकडे तेरा वाईट असतो," हिल्डे म्हणाली. "सतरात काय खोट आहे?"

तिने मला तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "छान वजनदार आहे." मित्रांनो, मला मिळालेली ती पहिली शाबासकी. आज इतक्या वर्षांनीही ती आठवली की पितळ ऊबदार होतं.

त्यानंतर सतरा नंबर ही हलक्या खिशाच्या परदेशी माणसांची खोली झाली. मोठं असं तिथे काही नव्हतं. एक लोखंडी पलंग, कोपऱ्यात तोंड धुवायचं भांडं, चौकाकडे उघडणारी खिडकी आणि त्या खिडकीतून येणारा शेजाऱ्यांच्या टोमॅटोच्या रश्शाचा वास. न्हाणीघर बोळाच्या टोकाला, सर्वांचं मिळून एकच. टॉवेल इतके विरलेले की त्यांतून पलीकडचं दिसावं. पण लोक दिवसभर गाव पायांखाली घालून यायचे, बूट काढायचे, आणि "हुश्श" म्हणायचे. महागड्या हॉटेलांतल्या किल्ल्यांनी असं मनापासूनचं "हुश्श" ऐकलं असेल का, मला शंका आहे.

पोलंडचं एक नवं जोडपं तर मला विसरून बरोबर घेऊन गेलं. एवढं लोढणं असूनही. नवरीने मला स्वेटरमध्ये गुंडाळलं होतं. महिन्याभराने मी टपालाने परत आले, सोबत वाळवलेल्या अळंब्यांची माळ. एर्सिलियाने त्या अळंब्यांचा भात केला आणि तातोन्नोला वाढला. "सतरा नंबरच्या घरचा आहेर," ती म्हणाली. तातोन्नोने एका हाताने खिसा धरला आणि दुसऱ्या हाताने दोनदा घेऊन खाल्ला.

त्या खोलीत एक गोष्ट होती, ती पाहुणे हमखास विचारायचे. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, एकीवर एक. रंगारी आला की एर्सिलिया तिथे स्वतः उभी राहायची. "एवढं सोडून रंगव," म्हणायची. रोज केर काढताना तिचा झाडू तिथे थांबायचा. मग ती मला कुलपातून काढायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून टांगायची. मी मनात म्हणायचे, ही बाई वाट बघते आहे आणि कबूल करत नाही.

अशी वर्षं गेली. एका ईस्टरला लॉज गच्च भरलं. सगळी इटलीतलीच कुटुंबं, पोरंबाळं घेऊन आलेली. सगळ्या खुंट्या रिकाम्या झाल्या, मी एकटी उरले. स्वयंपाकघरात पास्तिएरा, आमचा ईस्टरचा गोड केक, भट्टीत होता, घरभर संत्र्याच्या फुलांचा वास सुटला होता. तातोन्नो दुपारची कॉफी घेऊन नुकताच आला होता. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. केसांत पांढरं दिसू लागलेलं, हातात बॅग.

एर्सिलिया पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

"दोन-तीन दिवस राहायचं आहे," फोर्तुनाता म्हणाली. "खोलीचं भाडं देईन."

एर्सिलियाने किल्ल्यांच्या फळीकडे पाहिलं. सकाळपासून ती येईल त्याला एकच उत्तर देत होती. जिभेवर तेच बसलं होतं, तेच बाहेर पडलं.

"जागा नाही."

फोर्तुनाताची नजर माझ्यावर आली. पाठमोरी का होईना, मी तिथे टांगलेली होते.

"किल्ली तर आहे."

"ती नाही."

"ती नाही म्हणजे काय?"

"ती खोली तुझ्यासाठी नाही," एर्सिलिया म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. माझ्यापायी ती मायलेकींची जोडी पुन्हा तुटत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून गप्प होते. फोर्तुनाताने बॅग उचलली. उंबऱ्यापर्यंत गेली. मग झटक्यात वळली, मला खुंटीवरून ओढलं आणि काउंटरवर आपटलं.

"वाटेच्या वाटसरूला देतेस, आणि मला नाही? अजून तेच बोलणार आहेस?"

मी आपटले ती आकडा वर करून. तिने खाली पाहिलं. आणि मग इतकी वर्षं तुरीनला राहिलेल्या त्या बाईचा हात आपोआप खिशात गेला.

"सतरा," ती म्हणाली.

"मग काय सांगतेय मी?" एर्सिलियाचा आवाज फुटला. "तुला सतरात झोपवू? नाव फोर्तुनाता ठेवलं ते एवढ्यासाठी? तू माझ्या पलंगावर झोप. मी स्वयंपाकघरात अंथरीन. तेच सांगणार होते, पण तू कधी पुरतं ऐकून घेतलं आहेस का?"

"तू कधी पुरतं बोलली आहेस का?"

"दोघी कॉफी घ्या," तातोन्नो म्हणाला. "गार झाली तर मी दुसरी आणणार नाही. गुडघे दुखतात."

फोर्तुनाता हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग मला घेऊन ती बोळातून निघाली, दारं मोजत. शेवटच्या दाराशी तिने मला कुलपात घातलं, मी लोण्यासारखी फिरले. लहानपणी तिची उंची मोजून चौकटीवर ओढलेल्या त्या रेघा तिने बोटाने चाचपल्या.

"आई, ही माझी खोली."

"मग कुणाची असणार?"

"माझ्या खोलीला सतरा नंबर दिलास?"

"स्तावरोसने दिला. मी नाही."

"इथे राहिलेल्या कुणाचं काही वाईट झालं?"

एर्सिलियाने आठवून पाहिलं. "एकाचं पाकीट मारलं. पण ते खाली गल्लीत. खोलीत सगळे घोरत पडायचे."

"मग मी इथेच झोपणार," फोर्तुनाता म्हणाली. दोन-तीन दिवसांसाठी आलेली ती, परत गेलीच नाही. नवरा वारला होता, एवढंच तिने पुढे कधीतरी सांगितलं.

आता एर्सिलिया नाही. लॉज फोर्तुनाता चालवते. बाकीच्या दारांना किल्ल्यांऐवजी खेळातल्या पत्त्यांसारखी प्लॅस्टिकची कार्डं आली. माझं कुलूप मात्र तिने बदलू दिलं नाही. फळीवर मी एकटीच आहे, पण आता माझा आकडा माणसांकडे असतो. म्हातारी हिल्डे येते तेव्हा आधी मला हातात घेऊन वजन बघते. आणि लॉज भरलेलं असलं, तरी फोर्तुनाता "जागा नाही" हे दोन शब्द उच्चारत नाही. "आज सगळं भरलंय," ती म्हणते, "पण जिना चढून आलात, बसा, पाणी प्या."

मित्रांनो, मी सगळ्यांची ऋणी आहे. चुकलेल्या स्तावरोसची, टाकून न देणाऱ्या एर्सिलियाची, आणि मला उशाशी ठेवून निर्धास्त झोपलेल्या त्या साऱ्या थकल्या पायांची. तुम्हीही कधी परगावी साध्याशा जागी उतराल, तेव्हा तिथली किल्ली नीट वापरा, कुलपात हिसडे देऊ नका, आणि निघताना काउंटरवर ठेवायला विसरू नका. आणि कुठे किल्ली टांगलेली दिसली, तरी कुणी "जागा नाही" म्हणालं, तर लगेच बॅग उचलू नका. एकदा ती किल्ली उलटून पाहा.